तारीख विचारणारं मशीन

सकाळी कामावर आल्यावर सर आमच्या विभागाच्या दाराशी थांबत. दारावरचा लाल दिवा बघत, मान वळवून मागचा व्हरांडा बघत, पुन्हा दिवा बघत, आणि मग मला हाक मारत.

"पोरी, आत कोण हाय?"

इतक्या सकाळी आत कोण असणार? झाडणाऱ्या मावशीसुद्धा आलेल्या नसत.

"कुणी नाही, सर."

"बघून सांगतीस का अंदाजानं?"

मग मी आत जायची, टेबलाखाली वाकायची, पडद्यामागं डोकवायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "बघून सांगते." तेव्हा कुठं सरांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडे.

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी तेव्हा नुकतीच लागले होते. कॅन्सरच्या रुग्णांना कोबाल्टचे किरण द्यायचे, हे माझं काम. किती वेळ द्यायचे, कुठल्या बाजूनं द्यायचे, हे गणित सरांचं. ते डॉक्टर नव्हते. पदार्थविज्ञान शिकून, पुढं मुंबईला जाऊन किरणांचं शिक्षण घेऊन आलेले होते.

हे किरण सोडणारा कोबाल्टचा तुकडा शिशाच्या जाड पोटात बंद असे. तो विझत नाही, पण महिन्यागणिक थोडा थोडा मंदावत जातो. तो जेवढा मंद, तेवढा रुग्णाला जास्त वेळ त्याच्यासमोर झोपवायचं. म्हणून सरांचं प्रत्येक गणित आजच्या तारखेपासून सुरू होई. वेळ जास्त झाला तर कातडी जळते. कमी झाला तर आजार आत शिल्लक राहतो. जळलेलं दिसतं, शिल्लक राहिलेलं दिसत नाही. सरांना सगळी धास्ती या न दिसणाऱ्याची.

ती त्यांच्या घरातूनच आली असावी. त्यांचे वडील पेठेत भांड्यांना कलई करून देत. सर सांगायचे, "अब्बा म्हणायचे, कलई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं तर ताक काय बोलत न्हाय. पिणाऱ्याला कळतंय, त्येबी उशिरा."

डॉक्टरांशी बोलताना सर छापील मराठी बोलत. घाबरले की ती गळून पडे आणि पेठेतली बोली वर येई. त्यामुळं आम्हांला ती जवळजवळ दिवसभर ऐकायला मिळे. छातीवर लावायचा किरण मोजायचा बिल्ला ते घरी जाताना खुंटीला अडकवत, आणि अर्ध्या वाटेवरून परत येत, अडकवलाय का ते बघायला. लग्नाला गेले तर दाराजवळची खुर्ची धरत. कुणी त्यांना भित्रा म्हणालं तर चिडत नसत. म्हणत, "भ्यालेला माणूस दोनदा बघतो. तुमी एकदाच बघतासा."

अशा माणसाच्या टेबलावर कॉम्प्युटर येऊन बसला.

ऐंशीचं दशक अजून मध्यावर आलं नव्हतं. बाहेरगावच्या कुणा देणगीदारानं आमच्या विभागाला तो दिला. बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला, अर्धा दिवस थांबला, जाड इंग्रजी पुस्तक आणि दोन फ्लॉप्या सरांच्या हातात देऊन संध्याकाळची गाडी धरून निघून गेला. एका फ्लॉपीवर मशीन चालू करणारी व्यवस्था, दुसरीवर आमचं किरणांचं गणित. आधी ही घालायची, मग ती. उलट केलं तर मशीन नुसतं घरघरत बसायचं.

काळा पडदा, त्यावर एक अक्षर, आणि शेजारी लुकलुकणारी रेघ. आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून होतो. पंखा सरांनीच बंद केला होता, वाऱ्यानं काही होईल म्हणून.

"काय म्हणतंय?" सर हळूच म्हणाले.

"काहीच नाही, सर. आपण काहीतरी सांगायची वाट बघतंय."

"आपल्याला काय सांगायचंय त्येला?"

पुस्तकात बघून मी एक शब्द टाइप केला. माझं एक अक्षर चुकलं. पडद्यावर उमटलं, बॅड कमांड. सरांनी खुर्ची मागं सरकवली. "बॅड म्हणतंय. बंद कर." आम्ही बंद केलं. पहिल्या दिवशी तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी नीट बसली नव्हती. मशीननं तीन पर्याय दिले: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. सरांनी ते वाचले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. "इग्नोर?" ते उठून उभेच राहिले. "कॅन्सरच्या दवाखान्यात मशीन विचारतंय, इग्नोर करू का? कुणी बनवलंय ह्ये?" तीनपैकी एकही बटण त्यांनी मला दाबू दिलं नाही. सरळ भिंतीवरचा खटका बंद केला.

हळूहळू नियम ठरले. एन्टरच्या बटणाला सर चाप म्हणत. "बंदुकीचा चाप हाय ह्यो. ओढला की गोळी माघारी येत न्हाय." मी टाइप करायचं, मोठ्यानं वाचायचं, सरांनी वाचायचं, दोघांनी "हं" म्हणायचं आणि मगच चाप. फ्लॉपीचं लोहचुंबकानं वाटोळं होतं हे पुस्तकात वाचल्यापासून त्या दोन फ्लॉप्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं सरांच्या पिशवीत आणि पिशवी सरांच्या मांडीवर. ट्रान्झिस्टर घेऊन आलेल्या एका कंपाउंडरला त्यांनी व्हरांड्याच्या टोकापर्यंत पिटाळलं होतं.

मशीनला स्वतःचं घड्याळ नव्हतं. वीज गेली की त्याला दिवस-वार काही आठवत नसे. पुन्हा चालू झालं की सगळ्यात आधी ते आजची तारीख विचारी, तीही उलटी. आधी महिना, मग दिवस. सर पहिल्यांदा सवयीनं दिवस आधी घालून बसले, तर मशीननं तारीख चुकली म्हणून पुन्हा विचारलं. सर एवढे कधी खूश झालेले मी बघितले नव्हते. "बघ पोरी. चुकीची तारीख घेत न्हाय. तारीख घातल्याबिगर फुडं जात न्हाय. एवढं एक शहाणपण हाय त्येच्यात."

त्या शहाणपणावर त्यांनी विश्वास टाकला. त्या मशीनमधल्या दुसऱ्या कशावरही त्यांनी तो टाकला नव्हता.

पुढचे कितीतरी महिने सर प्रत्येक रुग्णाचं गणित आधी कागदावर करत, मग मशीनवर. दोन्ही जुळायचं. तरी कागद सुटेना. बाहेर व्हरांड्यात चंदगड, गडहिंग्लज, इचलकरंजीकडून आलेले लोक गाठोडी घेऊन दिवस दिवस बसत. एकदा आमचे मोठे डॉक्टर आत आले. माणूस कामसू, उतावळा, पण मनाचा चांगला. ते म्हणाले, "सर, दोन्ही करायचं तर मशीन आणलं कशाला? बाहेरच्या माणसांचा एकेक दिवस जातोय. आजपासून कागद बंद."

सरांनी बाहेरच्या माणसांकडं बघितलं आणि पेन्सिल खिशात घातली.

त्या पावसाळ्यात चंदगडकडचा एक एसटी कंडक्टर आमच्याकडं आला. चाळिशीचा, उंच, बोलका माणूस. पण आवाज बसून पार फुसफुस राहिलेली. घशात गाठ होती, अगदी सुरुवातीची. किरणांनी बरी होईल, आवाजही राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज टेबलावर आडवं होताना तो फुसफुसत म्हणायचा, "डबल बेल द्या की, ताई." म्हणजे गाडी सोडा. मी दार लावून बटण दाबायची. उपचार पुरे झाले तेव्हा आवाज मोकळा व्हायला लागला होता. बायकोनं आम्हां सगळ्यांना काजू आणून दिले. तो गावी गेला.

त्यानंतर पंधरवड्यानं, एका दुपारी, वीज गेली आणि आली. सर आत एका म्हातारीला धीर देत होते. बाहेर मशीन तारीख विचारून थांबलं होतं. मोठे डॉक्टर घाईत आले, त्यांना कुणाचं तरी गणित हवं होतं. सर दारातून बाहेर येत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी बोट टेकवलं. नुसतं एन्टर. पुन्हा एन्टर. मशीन मुकाट्यानं पुढं गेलं.

"तारीख?" सर म्हणाले.

"नाही घातली तरी चालतं हो. बघा, गेलं की पुढं."

"चालतं?"

"मागंही एकदा मी असंच केलं होतं. तुम्ही आत होता, वीज आली, हे आपलं अडून बसलेलं. मी दिलं पुढं ढकलून." डॉक्टर हसत होते. मग सरांचा चेहरा बघून त्यांचं हसणं थांबलं. "का? काय झालं?"

सर खुर्चीवर बसले आणि मशीनलाच तारीख विचारायचा शब्द टाइप केला. मोठ्यानं वाचलं नाही, "हं" म्हटलं नाही, नुसता चाप ओढला. मशीन म्हणालं, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. तारीख घातली नाही की त्याचा दिवस तिथूनच सुरू होई.

ऐंशी साली आमचा कोबाल्ट या इमारतीत आलासुद्धा नव्हता. मशीनच्या हिशेबानं तो आतापेक्षा कितीतरी ताजा, कितीतरी जोरकस ठरत होता. म्हणजे रुग्णाला द्यायचा वेळ त्यानं कमी सांगितला असणार. बिनचूक गणित, फक्त साल भलतंच.

"मागं म्हंजे कवा, डॉक्टर?" सरांनी विचारलं.

डॉक्टरांना नक्की आठवेना. पाऊस जोरात होता एवढंच.

त्या दिवशी आम्ही नवे रुग्ण घेतले नाहीत. पावसाळा लागल्यापासून सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णाचं गणित सर कागदावर नव्यानं करत गेले. मी एकेक नाव वाचत होते. बरोबर. बरोबर. सर पेन्सिल इतकी दाबून लिहीत होते की टोक मोडत होतं. प्रत्येक "बरोबर" नंतर मला हायसं वाटायच्या ऐवजी पुढचं नाव वाचणं आणखी जड जात होतं, कारण उरलेल्यांपैकी कुणीतरी असणारच होतं. कंडक्टरचं नाव आलं. सरांनी गणित केलं, खोडलं, पुन्हा केलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

पाहिजे होते त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त किरण त्याला मिळाले होते. रोज. सगळे दिवस, कारण वेळ सुरुवातीला एकदाच ठरे आणि तोच रोज वापरला जाई. प्रत्येक रुग्णाचा वेळ वेगळा असतो, त्यामुळं आम्हां कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. उरलेली नावंही आम्ही तपासली, ती सगळी बरोबर निघाली.

मोठे डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तपासणीला येईलच तो. तेव्हा काही दिसलं तर बघू."

सरांनी कंडक्टरच्या गणिताचा कागद घडी करून खिशात घातला.

"सर, मी स्वतःला वाचवायला म्हणत नाही. लोक आधीच या खोलीला भितात. उद्या तिकडं कळलं, कोल्हापूरचं मशीन चुकतंय, तर यायचे ते येणार नाहीत. घरी मरतील."

"तुमी म्हणतासा ते खरं हाय," सर म्हणाले. "मला त्येचंबी भ्या वाटतंय. पर डॉक्टर, त्यो माणूस बरा झालो म्हणून घरात बसलाय."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "पत्र पाठवू या."

"पत्रात काय लिवणार?" सरांनी पिशवी उचलली. "मी जातो."

सर कधी एसटीनं गावाबाहेर गेल्याचं मला माहीत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघाले. स्टँडवर ते आधी ड्रायव्हरकडं गेले.

"ब्रेक नीट हाईत का?"

"पावणं, न्हाईत म्हणून सांगितलं तर उतरणार का?"

"व्हय."

"मग हाईत," ड्रायव्हर म्हणाला.

गडहिंग्लजच्या पुढं पाऊस लागला आणि रस्त्याला वळणं लागली. सर पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. ओठ हलत होते. मला वाटलं दुआ मागताहेत. पण कान दिला तर तिथं जाऊन बोलायची वाक्यं म्हणत होते. पहिलंच वाक्य पुन्हा पुन्हा. मध्येच मला म्हणाले, "त्यानं मारलं तर एक वेळ सोसंल. घरची रडली तर काय करायचं गं?"

कंडक्टरचं घर जांभ्या दगडाचं, बसक्या छपराचं. तो पडवीतच होता. आम्हांला बघून त्याला कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं. "अगं, कोण आलंय बघ! कोल्लापूरचं सायेब!" शेजारची दोन माणसं गोळा झाली. बायकोनं चहा आणला, पोहे आणले. "देवमाणसं हो," ती शेजाऱ्यांना सांगत होती.

"आवाज बघा की, सर," कंडक्टर म्हणाला आणि पडवीत उभं राहून त्यानं खणखणीत आरोळी दिली, "चला, फुडं सरका! मधी जागा हाय, सरका फुडं!" सगळे हसले. सरांनी चहा खाली ठेवला.

"पावणं," सर म्हणाले, "एकट्याशी बोलायचंय."

शेजारी गेले. बायको दाराशी उभी राहिली. सरांनी मशीनचं नाव घेतलं नाही, डॉक्टरांचंही घेतलं नाही. "आमची चूक झालीया. तुमाला किरण जेवढं द्यायचं, तेवढं दिलं न्हाईत."

"म्हंजे?"

"निम्म्याच्या वर थोडं दिलं. पुरं समजून."

त्यानं गळा चाचपला. मग कंडक्टर म्हणाला, "म्हंजे हाफ तिकीट फाडलंसा व्हय माझं?" आणि हसला. एकटाच.

"हसताय काय?" बायको दारातून पुढं आली. "देवीचा नवस फेडला आमी. गाव जेवलं. आता काय हुईल, सायेब?"

"मला म्हाईत न्हाय, वैनी. गाठ गेलीबी असंल. ऱ्हायलीबी असंल. ऱ्हायलेलं किरण लौकर घ्यायला पायजेत."

"डाक्टरला म्हाईत असंल."

"त्येनाबी न्हाय."

"मग आलासा कशाला?" तिचा आवाज चढला. "सुखानं निजत हुतो की आमी!"

सर उठले. त्यांनी हात जोडले, ते जोडलेलेच राहिले. तिनं पोह्यांच्या बश्या उचलल्या. "त्या खोलीत मी ह्येनला परत न्हाय धाडणार," असं म्हणून आत गेली आणि आतून रडण्याचा आवाज आला. सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

कंडक्टर आम्हांला स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी लागल्यावर त्यानं विचारलं, "सर, तुमी माझ्या जागी असता तर आला असता?"

सरांनी पिशवी काखेला मारली. "लय भ्यालो असतो," ते म्हणाले. "पर आलो असतो."

तो येईल की नाही, हे परतीच्या वाटेवर आम्हांला ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी व्हरांड्यात दोघं नवराबायको बसलेली दिसली. ती सरांशी एक अक्षर बोलली नाही. पुढंही कधी बोलली नाही.

उरलेले किरण दिले. गणित सरांनी कागदावर केलं, मशीनवर केलं, मला करायला लावलं, आणि मोठे डॉक्टर स्वतः येऊन शेजारी बसून बघून गेले. रोज. टेबलावर आडवं होताना कंडक्टर आता काही म्हणत नसे. बायको बाहेर बाकावर डोळे मिटून बसलेली असे. किरण चालू असेपर्यंत सर आत बघायच्या काचेसमोर उभे राहत आणि मला त्यांच्या श्वासाचा आवाज येई. कंडक्टरची गळ्याची कातडी काळी पडली, गिळता येईना, पण त्यानं एक दिवस चुकवला नाही.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. त्यानंतर आवाज पुन्हा बसू लागला. तपासलं, गाठ परत आली होती. मुंबईला नेऊन सगळं स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव राहिला, आवाज गेला.

"आपल्यामुळं?" सरांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही, सर. पुरे किरण मिळालेल्यांचाही आजार कधी कधी परत येतो."

सर हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी जिन्यात गाठून. डॉक्टर कधी वैतागले नाहीत. प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच हळू आवाजात. पुढं डॉक्टर बोलायचे कमी झाले. त्यांचा उतावळेपणा गेला, आणि तो जायला नको होता असं मला कधी कधी वाटे.

नंतर स्वतःचं घड्याळ असलेलं नवं मशीन आलं. ते तारीख विचारत नसे, दाखवत असे. सर तरी रोज ती व्हरांड्यातल्या कॅलेंडरशी ताडून बघत, आणि कॅलेंडर पेपरशी.

कंडक्टरला एसटीनं डेपोतच बसून करायचं काम दिलं. घरी बायकोला बोलवायचं तर तो तिकिटं टोचायचा जुना पंच लाकडावर वाजवी, आणि ती मागल्या परसात असली तरी येई. हे मला सरांनीच सांगितलं. निवृत्त झाल्यावर ते दर वर्षी एकदा एसटीनं चंदगडला जात. पुढच्या सीटचा दांडा धरून, ड्रायव्हरला ब्रेकचं विचारून. पडवीत बसत. ती चहा आणून ठेवी, न बोलता. कंडक्टर ओठांनी बोले, सर जोरात बोलत. संध्याकाळच्या गाडीनं परत.

एकदा स्टँडवर मला भेटले, निघालेच होते. केस सगळे पांढरे, हातात छत्री. मी म्हटलं, "सर, या वयात कशाला हे हाल? त्यांची तपासणी डॉक्टर करतातच की."

"तपासायला न्हाय जात गं." गाडी लागली होती, लोक चढत होते. सर दाराचा दांडा धरून थांबले. "दुसरीकडं कुटंबी बसलं की मला वाटतंय, आता कायतरी हुईल. त्येच्या पडवीत तसं वाटत न्हाय. तितं जे व्हायचं हुतं ते हून गेलंया."

आणि ते गाडीत चढले.